लेकासाठी घेतलेला मोफत वकील: चार तारे, पाचवा दाखल्यापायी गेला

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला पाच महिन्यांची लेक आहे. लग्न झालेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, वाचणाऱ्याला अंदाज करत बसायला नको.

बाळाच्या आईकडून पोटगीची नोटीस आली त्या रात्री आमच्या घरात प्रत्येकाचं वेगळंच. दीर म्हणाले, आधी डीएनए करा. नवरा म्हणाला, देवळात नेऊन लग्न लावून टाकू. मुलगा ताटात बोट फिरवत बसला. मी सकाळी १५१०० या मोफत विधी सेवेच्या नंबरवर फोन लावला आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या कार्यालयात त्याला घेऊन गेले.

आधी तक्रार सांगते. बाई असेल किंवा अठराच्या आतलं कुणी असेल तर हे लोक उत्पन्न विचारत नाहीत. बाळाच्या आईला नुसत्या अर्जावर वकील मिळाला असता. माझा मुलगा सज्ञान पुरुष, तो उत्पन्नाच्या अटीत बसावा लागतो. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख आहे. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात महिना ११,००० वर आहे, म्हणजे आरामात बसतो. तरी खिडकीवरच्या गृहस्थांनी तहसीलदारांचा दाखला आणा म्हणून परत पाठवलं. त्यात नऊ दिवस गेले, माझ्या दोन रजा गेल्या. पुढे कळलं की १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच लिहिलंय, उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. हे त्या खिडकीवर कुणी चिकटवून ठेवेल का?

आता वकील. पॅनेलवरच्या मॅडम मिळाल्या, वय तिशीच्या आसपास, पिशवीत फायली आणि हेल्मेट. बसल्या बसल्या त्यांनी दोघांच्या जन्मतारखा मागितल्या, बाकी काही नाही. मी शाळेत क्लार्क आहे. जनरल रजिस्टर उतरवण्यात आणि शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्यात माझी अठरा वर्षं गेली. पण त्या एका रकान्यावर माणूस कोर्टाच्या कुठल्या दारातून आत जाणार हे ठरतं, ते मला त्या दिवशी कळलं. बाळ पाच महिन्यांचं, तिथून मॅडम बोटांवर दिवस राहिले तेव्हापर्यंत मागे मोजत गेल्या. बाळाची आई माझ्या मुलाहून सात महिन्यांनी मोठी, दोघांनाही तेव्हा अठरा पूर्ण झालेली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. मुलगी अठराच्या आत असती तर तिची संमती कायद्याच्या लेखी संमतीच धरत नाहीत, पोक्सो म्हणजे बाललैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो. आणि मुलगाही अठराच्या आत असता तर त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागलं असतं. मला घाम फुटला होता.

“बाळाची जन्मतारीख?” त्यांनी विचारलं. मी सवयीने तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. मुलगा म्हणाला, “नऊ तारीख. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.” वेळ कुणी विचारलीच नव्हती. त्याला ती माहीत आहे हे मलाही माहीत नव्हतं.

तिथून पुढे त्या त्याच्याशीच बोलल्या, आणि “तुम्ही” म्हणून. माझ्या मुलाला “तुम्ही” म्हणणारं ते पहिलंच माणूस असावं. पोटगीचं त्यांनी सरळ सांगितलं: पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. मूल लग्नातलं असो वा लग्नाबाहेरचं, पोटगीचा हक्क सारखाच. बापाचं वय त्यात कुठे विचारलेलं नाही, त्याची ऐपत विचारली आहे. दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, कोर्ट त्यावरून आकडा ठरवतं. आदेश होऊनही थकवली तर वॉरंट निघतं, आणि दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

मी मध्येच विचारलं, त्याने नाही दिली तर आमच्याकडून वसूल करतील का? “नाही ताई, पोटगी बापाने द्यायची, आजीने नाही.” मला आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली.

देवळातल्या लग्नाचा विषय त्यांनी दोन मिनिटांत मिटवला. पुरुषाचं लग्नाचं वय २१, त्याआधी लावलं तर २००६ च्या कायद्याने तो बालविवाहच, आणि लावून देणाऱ्या आईबापांवरही गुन्हा होऊ शकतो. म्हणजे पोटगी द्यायला मोठा, बोहल्यावर चढायला लहान. नवऱ्याला घरी येऊन हे समजावताना मला मॅडमपेक्षा जास्त वेळ लागला. डीएनएचं म्हणाल तर कोर्ट ऊठसूट तसा आदेश देत नाही. मुलाने मॅडमना स्वतःच सांगितलं, “बाळ माझं आहे, मला नकोय ती तपासणी.” दिरांचा प्रश्न तिथेच संपला.

हक्काचं मात्र कडू निघालं. आमच्यासारख्यांना हिंदू कायदा लागतो, त्यात लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असंही म्हटलंय की अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाला नोटीस द्यायची सक्ती नाही. मुलाचा चेहरा पडला. “मग मी फक्त पैसे द्यायचे?” मॅडमनी घाईने दिलासा दिला नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, ताबा मिळेल असं मी सांगणार नाही, पण भेटीसाठी अर्ज करता येतो, आणि तिथे कोर्ट बाळाचं हित बघतं. तुम्ही नियमित येता, पैसे वेळेवर देता, हे कागदावर दिसलं पाहिजे. रोख द्यायची नाही, खात्यावरच पाठवायची.

प्रकरण कोर्टात उभं राहण्याआधीच मध्यस्थीत मिटलं, लोक अदालतीत निवाडा झाला. त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचंच वजन आणि वर अपील नाही, त्यामुळे सही करण्याआधी मॅडमनी मुलाला तो मोठ्याने वाचायला लावला. महिना ३,५०० आणि दर रविवारी दोन तास भेट. वकिलाची फी शून्य. मॅडमना पेढ्यांचा पुडा दिला तर तोही घेतला नाही.

दोन सूचना. त्या कार्यालयाबाहेर एकच बाक आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंचे लोक शेजारी शेजारी बसतात. आम्ही बाळाच्या आजीच्या शेजारी पाऊण तास बसलो, कुठे बघावं कळेना. आणि जाणाऱ्याने आधार, दोघांचे शाळेचे दाखले, बाळाचा जन्मदाखला यांच्या तीन तीन प्रती घरूनच न्याव्यात.

पहिला हप्ता मुलाने पाच तारखेला पाठवला. कशासाठी या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘दूध आणि लस’.