मेमरी कार्ड फॉरमॅट करताना फॅट३२ घ्यायचं की एक्सफॅट? (आणि एनटीएफएसच्या वाटेला का जाऊ नये)

कार्ड पीसीला लावून फॉरमॅटवर क्लिक केलं की फाइल सिस्टीमच्या, म्हणजे कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतीच्या, पुढे दोन-तीन नावं दिसतात, आणि बहुतेक जण जे आधीच निवडलेलं असतं तेच ठेवून ओके करतात. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. मग मामेबहिणीच्या लग्नात कॅमेरा ट्रायपॉडवर लावून अक्षता टाकायला पुढे गेलो आणि मंगलाष्टकं अर्ध्यात असताना रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. कार्डात जागा होती, बॅटरी होती, फक्त फाइल ४ जीबीची झाली होती. कार्ड फॅट३२ होतं आणि त्या जुन्या कॅमेऱ्याला आपणहून दुसरी फाइल सुरू करणं जमत नव्हतं. अंतरपाट दूर होतो तो क्षण आमच्या व्हिडिओत नाहीच. तोच कॅमेरा नंतर एक्सफॅट कार्डावर सलग अर्धा तास चालला, तेव्हा मला खूप वाईट वाटलं, कारण दोन मिनिटांचं काम होतं ते.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. कार्ड कुठल्या कुठल्या मशीनमध्ये जाणार आहे याची आधी मनात यादी करा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

फॅट३२ आलं १९९६ मध्ये, विंडोज ९५ च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर. त्यात फाइलची लांबी लिहायला ३२ बिट ठेवलेत, म्हणून एक फाइल जास्तीत जास्त ४,२९४,९६७,२९५ बाइटची होऊ शकते, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्या काळात अख्खी हार्डडिस्क एक-दोन जीबीची असायची त्यामुळे कुणाला त्रास नव्हता. आता हिशोब करा, १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके शूट केलं तर ४ जीबी साधारण पावणेसहा मिनिटांत भरतात. नवे कॅमेरे अशा वेळी फाइल तोडून पुढची सुरू करतात, पण मग तासाभराच्या कीर्तनाचे दहा-अकरा तुकडे घेऊन बसा, आणि काही कॅमेऱ्यांत दोन तुकड्यांच्या मधे थोडंसं रेकॉर्डिंग गळतं ते वेगळंच, तबल्याचा ठेका चालू असेल तर लगेच कळतं.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये आणलं, ते फ्लॅश मेमरी डोळ्यासमोर ठेवूनच, आणि त्यात फाइलच्या आकाराची मर्यादा इतकी वर आहे की आपण तिथे कधी पोचणारच नाही. विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून चालतं, मॅकवर २०१० पासून चालतं. लिनक्सवाल्यांची मात्र बरीच वर्षं पंचाईत होती, कारण पेटंट होती आणि आतली रचना उघड नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने ती प्रसिद्ध केली, त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.४ आवृत्तीत एक्सफॅट वाचणारा ड्रायव्हर आला आणि पुढच्या वर्षी ५.७ मध्ये सॅमसंगचा जास्त चांगला आला. त्यामुळे तुमची लिनक्स २०२० नंतरची असेल तर एक्सफॅटची भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही.

कार्डावरच याचं उत्तर छापलेलं असतं हे खूप जणांना माहीत नसतं. एसडीएचसी लिहिलंय म्हणजे २ ते ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, ते फॅट३२ मध्ये येतं. एसडीएक्ससी म्हणजे ३२ जीबीच्या वरचं, २ टीबीपर्यंत, ते एक्सफॅटमध्ये येतं. या कार्डांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एसडी असोसिएशन, तिचा हा नियमच आहे. म्हणजे ६४ जीबीचं नवं कार्ड एखाद्या जुन्या मशीनमध्ये घातलं आणि ते 'नो कार्ड' म्हणालं तर दहापैकी बऱ्याच वेळा कार्ड खराब नसतं, त्या मशीनला एक्सफॅट वाचताच येत नसतं. ते कार्ड फॅट३२ करून बघितलं की बऱ्याचदा चालू होतं. दुकानात परत द्यायला धावण्याआधी एवढं करून बघा.

आता कार्ड करप्ट होण्याबद्दल, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. फॅट३२ काय आणि एक्सफॅट काय, दोन्हींत जर्नल नाही. जर्नल म्हणजे काय, तर आपण काय बदल करणार आहोत ते आधी वहीत टिपून ठेवायचं आणि मग करायचं, म्हणजे मधेच लाइट गेली तरी वही बघून घर सावरता येतं. ती वहीच इथे नाही, त्यामुळे लिहिणं चालू असताना कार्ड ओढलं तर दोन्हींत नुकसान होऊ शकतं. कुठली फाइल कार्डावर कुठे आहे ते सांगणारा एक मुख्य तक्ता असतो, फॅट३२ मध्ये त्याच्या दोन प्रती असतात आणि एक्सफॅटमध्ये सहसा एकच, म्हणून काही लोक फॅट३२ ला दणकट म्हणतात, थोडंफार खरं आहे ते, पण अर्धवट लिहिलेली फाइल दुसऱ्या प्रतीमुळे पूर्ण होत नाही. माझं स्वतःचं एक एक्सफॅट कार्ड असंच उडालं, कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि मी घाईत झाकण उघडलं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने फोटो जवळपास सगळे परत मिळाले पण दोन व्हिडिओ तुटलेलेच निघाले. तेव्हा दिवा विझेपर्यंत थांबा, आणि कार्ड उडालंच तर त्यावर नवीन काहीही लिहू नका, 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, आधी डेटा काढा.

डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत रस्ता रेकॉर्ड करायला लावतात त्या कॅमेऱ्याचं, गणित थोडं वेगळं आहे. तो मुळातच एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करतो त्यामुळे ४ जीबीची अडचण तिथे येतच नाही, आणि अनेक डॅशकॅम १२८ जीबीचं कार्डसुद्धा स्वतः फॅट३२ करून घेतात. ते चुकीचं नाहीये. पीसीवर नेऊन एक्सफॅट करायला जाऊ नका, त्याच्याच मेन्यूतून फॉरमॅट करा.

एनटीएफएस १९९३ पासून आहे, विंडोज एनटीबरोबर आलं. त्यात जर्नल आहे, परवानग्या आहेत, मोठ्या फाइली चालतात, म्हणून कागदावर सगळ्यात भारी दिसतं आणि लोक कार्डावर तेच करून बसतात. पण कॅमेरा ते वाचत नाही, बरेच फोन वाचत नाहीत, मॅक वाचतो पण त्यावर लिहू देत नाही. शिवाय जर्नलमुळे कार्डावर लिहिणं वाढतं आणि कार्डाची लिहिण्याची ताकद मोजकी असते. एकच ठिकाण असं आहे जिथे मी एनटीएफएसला हो म्हणेन, घरात जुना स्मार्ट टीव्ही आहे, कार्ड रीडर लावून ६-७ जीबीचे सिनेमे बघायचेत, टीव्हीला एक्सफॅट कळत नाही पण एनटीएफएस कळतं. असे टीव्ही खरंच आहेत. बाकी कुठेही नको.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांना निवड करावीच लागत नाही, तिथे इमेज (सिस्टीमची तयार प्रत) कार्डावर चढवली की बूटचा, म्हणजे सुरू होण्यासाठीचा, छोटा भाग फॅट३२ आणि बाकी सगळं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) असं आपोआप होतं. विंडोजमध्ये ते कार्ड लावलं तर छोटा भागच दिसतो आणि बाकीच्यासाठी 'फॉरमॅट करायचंय का' अशी विचारणा होते, तिथे हो म्हणून महिन्याभराचं काम पुसलेले लोक मी पाहिलेत. आणखी एक गोष्ट फक्त आपल्यालाच जाणवते, ईएक्सटी४ मध्ये फाइलचं नाव २५५ बाइटचं असू शकतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजून, म्हणजे हातात ८५ चिन्हं येतात. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये मराठीतही पूर्ण २५५ मिळतात. अभंगाची अख्खी पहिली ओळ, गायक, राग असं सगळं नावात लिहायची सवय असेल तर कॉपी करताना एरर का आली ते यावरून कळेल.

फोनचं थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड ६ पासून काही फोन कार्ड लावल्यावर 'इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरू का' असं विचारतात. हो म्हटलं तर कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. फोन पाण्यात पडला की कार्ड धडधाकट असूनही आतले फोटो गेले. कार्डावर लेकराबाळांचे फोटो ठेवणार असाल तर 'पोर्टेबल' हेच निवडा, प्लीज.

तर माझं मत असं. कॅमेरा, ड्रोन, फोन आणि बऱ्यापैकी नवीन लॅपटॉप एवढ्यातच कार्ड फिरणार असेल तर एक्सफॅट, आणि तेही शक्यतो कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं, कारण कार्ड कसं आखायचं ते कॅमेऱ्याला बरोबर माहीत असतं. पीसीवर करायची वेळ आलीच तर एसडी असोसिएशनचा फुकट फॉरमॅटर वापरा. एक्सफॅटचा एक तोटा धरून ठेवा, ३२ जीबीच्या वर विंडोज त्यात १२८ केबीचे कप्पे पाडतं, त्यामुळे ४ केबीची चिमुकली फाइलही १२८ केबी अडवते. अशा १०,००० फाइली असतील तर ४० एमबीच्या जागी जवळपास सव्वा जीबी गेलाच. व्हिडिओ-फोटोंना काही फरक पडत नाही. आणि कुठलंही फॉरमॅट केलं तरी कार्ड पुन्हा पुन्हा उडत असेल तर ते नकली असण्याची शक्यता आधी धरा, एच२टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर लावून खरी जागा मोजून घ्या.

फॅट३२ कुणी घ्यावं? ज्याचं कार्ड गाडीच्या जुन्या डेकमध्ये, फोटो फ्रेममध्ये किंवा आजीच्या भजनाच्या स्पीकरमध्ये जाणार आहे त्याने डोळे झाकून. तिथे ४ जीबीची फाइल येणारच नाही. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्याय दिसत नाही, तेव्हा रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा, मॅकवर डिस्क युटिलिटीत एमएस-डॉस फॅट निवडा. आणि गाणी भरताना एक सांभाळा, असे बरेच स्पीकर नावाप्रमाणे वाजवत नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर आल्या त्या क्रमाने वाजवतात. आमच्या आजीच्या स्पीकरवर हरिपाठाचे अभंग उलटसुलट लागायचे आणि ती रोज सकाळी बिचारी बटण दाबत बसायची. कार्ड पुन्हा कोरं केलं, पहिला अभंग, मग दुसरा, मग तिसरा असे एकेक करून २७ अभंग आणि मग शेवटचा, हाताने कॉपी केले, पाव तास लागला. मॅकवरून भरत असाल तर टिंब आणि खालची रेघ अशी सुरुवात असलेल्या लपलेल्या फाइली मात्र शेवटी काढून टाका, नाहीतर स्पीकर त्याही वाजवायला जातो आणि दोन अभंगांच्या मधे गप्प बसतो.