मोमेटासोनचे मलम: औषध उत्तम, खोक्यावरची माहिती अपुरी

भांडी घासण्याचा साबण आणि फरशी पुसण्याचे द्रावण यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या हातांना इसब होणे ही आपल्या घरांत दुर्मीळ गोष्ट नाही. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, कातडी लाल होऊन तडकते आणि खाजवल्यावर पाणी सुटते. माझ्या हातांची अशी अवस्था झाली तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी ०.१ टक्के मोमेटासोन फ्युरोएट या स्टेरॉइडचे पंधरा ग्रॅमचे मलम लिहून दिले. हे परीक्षण त्या मलमाचे आहे. ते अनेक कंपन्या बनवतात आणि घटक व प्रमाण तेच असले तर कोणाचे घ्यावे याने मोठा फरक पडू नये, म्हणून कंपनीचे नाव देत नाही.

आधी गुण सांगतो. खाज पहिल्या काही दिवसांतच ओसरली आणि लाली त्यामागोमाग उतरली. मोमेटासोन दिवसातून एकदाच लावायचे असते, ही कामात असणाऱ्या माणसासाठी मोठी सोय आहे. रात्री जेवणानंतरची आवराआवर झाल्यावर लावले की हात सकाळपर्यंत पाण्यात जात नाहीत. माझे मलम क्रीमच्या स्वरूपातले आहे; त्याला वास नाही आणि ते पटकन मुरते. मात्र कातडी फार कोरडी आणि जाड झाली असेल, तर डॉक्टर त्याच औषधाचे तेलकट, चिकट मलम देतात. ते अंगावर अधिक वेळ टिकते आणि त्याचा जोरही क्रीमपेक्षा अधिक असतो. ओलसर, पाझरणाऱ्या चट्ट्यावर मात्र क्रीमच बरे.

तक्रार आहे ती खोक्याविषयी. किती लावायचे, हा प्रत्येकाला पडणारा पहिला प्रश्न, आणि त्यावर खोक्यावर 'डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे' एवढेच छापलेले असते. आतला कागद भिंगाशिवाय वाचता येत नाही. खरे तर माप अगदी सोपे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत मलमाची एक ओळ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते; या मापाला एक पेर म्हणू. एका हाताच्या पंजाला दोन्ही बाजूंनी लावायला एक पेर, संपूर्ण पायाला पावलासह आठ पेरे. म्हणजे दोन्ही पंज्यांना रोज एक ग्रॅम लागेल आणि पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस जाईल. हे माप पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबसाठी ठरवलेले आहे. माझ्या ट्यूबचे तोंड त्याहून बारीक वाटले, तेव्हा ओळ थोडी लांब काढावी लागते. ट्यूब चार दिवसांत संपली किंवा महिनोन्महिने पुरली, तर दोन्ही वेळी काहीतरी चुकते आहे असे समजावे. भीतीपोटी अगदी कणभर लावून इसब रेंगाळत ठेवणारेही कमी नाहीत.

कोठे लावायचे नाही, हेही खोक्यावर ठळक असायला हवे. तळहाताची कातडी जाड असते, औषध तिच्यातून कमी शिरते. पापण्या, चेहरा, काख आणि जांघ येथील कातडी पातळ असल्यामुळे तेच औषध तिथे कितीतरी पटींनी अधिक शोषले जाते. म्हणून हाताला मानवलेले मलम चेहऱ्यावर तेवढेच निर्धोक ठरत नाही. तिथे दीर्घकाळ लावल्यास कातडी विरते, बारीक शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव येते, आणि डोळ्यांजवळ वापरल्यास काचबिंदूचाही धोका असतो. लहान मुलांच्या अंगावर, विशेषतः डायपरखाली, तर डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय लावूच नये.

स्टेरॉइड मलमांच्या ताकदीच्या उतरंडीत हे मलम मधल्या ते वरच्या पायरीवर बसते. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य, आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल सर्वांत तीव्र. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये, अशी मर्यादा आहे. अडचण अशी की, औषधाच्या दुकानात 'खाजेचे काहीतरी द्या' म्हटले की हाती पडते ते बहुधा याच तीव्र औषधात बुरशीनाशक आणि प्रतिजैविक मिसळलेले तिहेरी मलम. नायट्यावर ते लावले की खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी मात्र स्टेरॉइडच्या आडोशाने पसरत राहते. गजकर्णाची ओळखीची गोल कडही पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरलाही ते चटकन ओळखू येत नाही. खरजेचेही तसेच: खाज दबते, किडा तसाच राहतो आणि घरातल्या इतरांना लागण होत राहते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. माझ्या परिसरातल्या दुकानात मात्र चिठ्ठी कोणी मागताना मी पाहिले नाही. मागितली असती तर या दुकानाचे गुण मी आनंदाने वाढवले असते.

मलमाच्या जोडीला साधे मॉइश्चरायझर दिवसभर लावत राहणे आवश्यक आहे, आणि दोन्ही एकावर एक थापण्याऐवजी मध्ये वीसेक मिनिटांचे अंतर ठेवावे. रबरी हातमोजे घातल्याशिवाय साबणात हात घातला, तर कोणतेही मलम पुरे पडत नाही. वरचेवर इसब उसळणाऱ्यांना डॉक्टर कधीकधी बरे झाल्यावरही आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात, पण तो निर्णय त्यांचाच असावा.

पाचपैकी औषधाला साडेचार, खोक्याला दीड. उरलेल्या ट्यूबवर मी पेनाने 'फक्त हात' आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवली आहे, कारण घरात चेहऱ्यावरच्या डागासाठी तिची मागणी लगेच झाली होती.