गेट बंद झालेल्या कामगारांसाठी भोसरीचं सल्ला केंद्र : आमचा अनुभव

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात कोणाचं गेट बंद केलं म्हणजे अचानक कामावर आत घेणं थांबवलं असेल, ब्रेक दिला म्हणजे मधेच काही दिवस काम थांबवलं असेल, किंवा हिशोब (नोकरी संपवतानाचे पैसे) घ्या आणि सही करा म्हणून मागे लागले असतील तर कुठल्याही एजंटकडे जायच्या आधी या सल्ला केंद्रात जा. एका जुन्या युनियनच्या ऑफिसमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतात, एक लेबर कोर्टात प्रॅक्टिस केलेले वयस्कर वकील आणि एक रिटायर झालेले कामगार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. नाव आणि पत्ता लिहीत नाहीये कारण मिस्टरांची केस अजून कोर्टात आहे, पण एमआयडीसीत कोणत्याही जुन्या युनियनवाल्याला विचारलं तरी सांगेल.

आमचं प्रकरण थोडक्यात सांगते म्हणजे सर्व्हिस कशी आहे ते कळेल. मिस्टर चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपला ऑपरेटर होते, सहा वर्षांच्या वर, पण कागदावर कंत्राटदाराचे. २०२४ च्या पावसाळ्यात फर्स्ट शिफ्टला गेले तर कार्डच पंच होईना. सिक्युरिटी म्हणाली लिस्टमध्ये नाव नाही, कंत्राटदाराला फोन केला तर तो म्हणाला माझी ऑर्डर संपली कंपनीला विचारा, कंपनीचा एचआर म्हणाला तुम्ही आमचे नाहीच. नोटीस नाही, पत्र नाही, शेवटच्या महिन्याचा पगार पण अडकलेला. घरात दोन मुलं आणि सासूबाईंची औषधं, तेव्हा जी काय अवस्था झाली असेल ती ज्यांच्यावर आलीये त्यांनाच कळेल.

पहिल्यांदा आम्ही एका लेबर कन्सल्टंटकडे गेलो होतो, एसी ऑफिस, काचेचं टेबल. त्याने फाईल उघडलीसुद्धा नाही आणि म्हणाला कंपनीवर यूएलपी (अनुचित कामगार प्रथेची तक्रार) टाकू, दोन महिन्यांत पर्मनंट करून देतो, मिळेल त्यातले तीस टक्के माझे आणि आत्ता पंधरा हजार ॲडव्हान्स. मिस्टर तयार पण झाले होते, मीच म्हटलं दोन दिवस थांबू. मग शेजारच्या वहिनींच्या भावाने या केंद्राचं सांगितलं.

इथे गेल्यावर पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे वकील साहेबांनी काय झालं हे विचारायच्या आधी कागद मागितले, सगळे. ॲपॉइंटमेंट लेटर कधी मिळालंच नव्हतं. पगाराच्या स्लिपा होत्या त्या पण काही महिन्यांच्याच. मला वाटलं झालं आता. तर त्यांनी मिस्टरांना मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडायला लावलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर उभ्या रेघा मारून एकेक नोंद उतरवून घेतली. यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर एकच, पण आस्थापनेची नावं तीन. म्हणजे सहा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले आणि माणूस, मशीन, गेट तेच. मधे जिथे महिना रिकामा दिसत होता तिथे त्यांनी लाल पेनने गोल केला आणि विचारलं हा ब्रेक का, तेव्हा घरी होतात का कामावर? मिस्टर म्हणाले कामावरच होतो साहेब, नवीन कंत्राटदाराचं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं म्हणून पगार रोख दिला होता. ते लगेच लिहून घेतलं आणि त्या महिन्यात बरोबर काम करणाऱ्या दोघा जणांची नावं पण. एवढं बारीक आमचं आम्हाला कधी सुचलं नसतं.

मग २४० दिवसांचा हिशोब. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं की २४० दिवस भरले की पर्मनंट, आणि इथेच लोक फसतात. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५ बी प्रमाणे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर ती एक वर्षाची सलग सेवा धरायचे, आणि मग कलम २५ एफ लागू व्हायचं म्हणजे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून दिल्याशिवाय कामगार कपात करता येत नव्हती. पण पर्मनंट करणं हा वेगळा प्रश्न आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मोजताना नुसते हजेरीचे दिवस धरायचे नाहीत, पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवार पण धरायचे, अमेरिकन एक्सप्रेसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८५ साली तसं सांगितलंय. आणि त्याचवेळी हे पण सांगितलं की दिवस भरले हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर असतं, २००२ चा निकाल आहे, नुसतं शपथेवर सांगून भागत नाही, म्हणून तर पासबुक, ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) नोंदी, कॅन्टीनची कुपनं, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं शोधून आणा.

आता यूएलपीचं. कन्सल्टंट जे म्हणत होता ते का चालणार नाही हे वकील साहेबांनी इतक्या शांतपणे समजावलं की मिस्टरांना पण पटलं. यूएलपी म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखालची अनुचित कामगार प्रथेची तक्रार. कामगारांसाठी चांगला कायदा आहे, वर्षानुवर्षं टेंपररी ठेवून पर्मनंटचे फायदे न देणं ही त्यात सरळ अनुचित प्रथा धरलीये, चौथ्या शेड्यूलमधला सहावा आयटम, आणि कोर्ट अंतरिम आदेश पण देऊ शकतं. पण तक्रार ९० दिवसांत करावी लागते, आणि मुख्य म्हणजे २००१ च्या सिप्ला कंपनीच्या केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीने जर म्हटलं की हा आमचा कामगारच नाही तर आधी नातं सिद्ध झालेलं लागतं, ते काम त्या कोर्टात होत नाही. म्हणजे आम्ही पंधरा हजार भरून यूएलपी टाकली असती तर कंपनीने पहिल्याच तारखेला हेच म्हटलं असतं आणि आमचं वर्ष वाया. कंत्राटी माणसाचा रस्ता वेगळा, कंत्राट खोटं आहे, नुसतं कागदावरचं आहे, हे मुद्दा म्हणून उभं करायचं आणि ते औद्योगिक न्यायाधिकरणाकडून ठरवून घ्यायचं. स्टील अथॉरिटीच्या मोठ्या केसमध्ये २००१ लाच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सरकारने कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून आपोआप कोणी कंपनीचा होत नाही, पण कंत्राट नुसता देखावा असेल तर कामगार मूळ मालकाचाच, म्हणजे कंपनीचाच. हे युनियनमार्फत सगळ्यांनी मिळून मांडायचं, एकट्याने नाही.

त्यामुळे त्यांनी आमच्या फाईलचे तुकडे पाडले. अडकलेला पगार आणि बोनस हे आधी आणि लवकर, कारण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा १९७० च्या कलम २१ प्रमाणे मूळ मालकावर येत होती. बोनस तर त्या वर्षात ३० दिवस काम केलेल्या माणसाला पण लागू, कमीत कमी ८.३३ टक्के, ठरलेल्या पगार मर्यादेत असला की झालं, आणि मिस्टरांना तो कधी पूर्ण मिळालाच नव्हता. काढून टाकल्याचा वाद वेगळा, तो लेबर ऑफिसला समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंना बसवून वाद मिटवणारा सरकारी अधिकारी), आणि तिथे ४५ दिवसांत काही झालं नाही तर त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २ ए खाली माणूस स्वतः लेबर कोर्टात जाऊ शकत होता, सरकारने रेफरन्स पाठवायची म्हणजे वाद कोर्टाकडे सोपवायची वाट बघायची गरज नव्हती, २०१० पासून ही सोय होती. ग्रॅच्युइटी तिसरी, तिचं कोर्ट पण वेगळं आणि फॉर्म पण वेगळा. आणि खोट्या कंत्राटाचा मुद्दा युनियनकडे, कारण मिस्टरांसारखे आणखी बरेच जण त्याच शॉपमधले होते.

अण्णांचं काम वेगळं. ते माणसाला बाजूला घेऊन विचारतात की रजा कोणाकडे मागायचात, ओव्हरटाईमला कोण थांबवायचं, चूक झाली तर मेमो कोणी दिला, मशीनवर कोणी शिकवलं. प्रत्येक उत्तर कंपनीच्या सुपरवायझरचं निघालं. कंत्राटदाराचा माणूस महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी यायचा. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंपनीचा सुपरवायझर रोज रात्री कोण कुठल्या प्रेसवर ते टाकायचा, ते बघून अण्णा म्हणाले, "ताई, हा फोन आता कपाटात ठेवा, फॉरमॅट करू नका, विकू नका, दुरुस्तीला पण देऊ नका." मोबाईलमधला पुरावा कोर्टात द्यायला सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन लागू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अजून एक सांगितलं जे मी सगळ्यांना सांगत फिरते, की हिशोबाचा चेक घ्यावाच लागला तर कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करायची नाही आणि पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असं स्वतःच्या हाताने लिहायचं, त्याचा फोटो काढायचा. आमच्या लाईनमधल्या एका पोराने राजीनामा लिहून दिला होता, त्याची केस आता फार अवघड झालीये.

पैशांचं म्हणाल तर पहिली बैठक फुकट. अर्ज, मागणीपत्र लिहून द्यायचे पैसे भिंतीवर पाटीवर लिहिलेत, सगळ्यांना सारखे, आणि पावती मिळते. टक्केवारी घेत नाहीत, विचारलं तर वकील साहेब सरळ म्हणाले की कामगाराच्या भरपाईत वाटा मागणं वकिलाला शोभत नाही आणि नियमात पण बसत नाही. कोर्टात उभं राहायला ज्युनियर वकील देतात, त्यांची फी प्रत्येक तारखेला नाही तर टप्प्याटप्प्याने, त्यामुळे तारीख पडली की पोटात गोळा येत नाही.

काय मिळालं ते पण खरं खरं सांगते. अडकलेला पगार आणि बोनसचा फरक समेटात मिळाला, लेबर ऑफिसच्या बैठकीला कंपनी आणि कंत्राटदार दोघांना बोलावल्यावर. कामावर परत घ्यायचं मात्र कंपनीने साफ नाकारलं, ते प्रकरण लेबर कोर्टात चालू आहे आणि लवकर संपणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वकील साहेबांनी मिस्टरांना सांगितलं दुसरीकडे काम बघा, घरी बसून केस लढू नका, फक्त कुठे काम करताय ते लपवू नका कारण काढल्यापासूनच्या मागच्या पगाराचा प्रश्न निघतो तेव्हा ते विचारतात. मिस्टर आता तळवड्याला एका छोट्या वर्कशॉपला जातात, पगार कमी आहे.

आता खटकलेल्या गोष्टी. गर्दी प्रचंड असते आणि नंबरची चिठ्ठी वगैरे काही नाही, जो पुढे सरकतो तो बसतो, बायकांना तर उभं राहावं लागतं. मी एकटी गेले होते तेव्हा आजूबाजूचे पुरुष मला बाजूला करून पुढे जात होते, शेवटी अण्णांनी आवाज चढवला तेव्हा जागा झाली. यांनी बायकांसाठी वेगळी वेळ ठेवायला पाहिजे, कारण असेंब्ली लाईनवर, पॅकिंगला किती बायका कंत्राटात आहेत ते त्यांना माहीत आहे आणि त्यांचे काही प्रश्न असे असतात की ते चाळीस पुरुषांसमोर बोलता येत नाहीत. फोन तर उचलतच नाहीत. झेरॉक्सची सोय नाही, रस्ता ओलांडून जावं लागतं.

दुसरं म्हणजे भिंतीवरचे तक्ते जुने आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या, पण तिथे अजून जुन्या कायद्यांचीच मुदत लिहिलीये. २ ए खाली कोर्टात जायला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, औद्योगिक संबंध संहितेत वाद निर्माण होऊन दोन वर्षं झाली की समेट अधिकारी तो हातातच घेऊ शकत नाही. तक्ता वाचून एखादा निवांत बसला तर त्याचं नुकसान होईल. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यायचा, फिक्स्ड टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला) एक वर्षाने पण ग्रॅच्युइटी, हे पण कुठे लावलेलं नाही, आणि आता नवीन पोरांना सगळीकडे फिक्स्ड टर्मच देतायत. समोर बसल्यावर वकील साहेब सगळं नीट सांगतात हो, त्यांना तोंडपाठ आहे, पण ज्याचा नंबर लागत नाही तो तक्ता वाचूनच परत जातो. मी अण्णांना सांगितलंय, माझ्या मोठ्या मुलीचं अक्षर चांगलं आहे, मजकूर तपासून द्या, ती नवीन तक्ते लिहून देईल.

जाणार असाल तर पीएफ पासबुकची प्रिंट, ईएसआयसी कार्ड, जुने सगळे गेटपास आणि बँकेचं पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट घेऊन जा, आणि कुठल्या तारखेला काय झालं ते एका कागदावर लिहून न्या. गेट बंद झाल्यापासून महिना उलटायच्या आत जा. सहाच्या आधी पोचा, साडेसहानंतर नवीन माणूस घेत नाहीत.