लांबलचक नंबर कुठे ठेवायचा : बिगइंट, डेसिमल की व्हारचार?

एका जुन्या डेटाबेसमध्ये शेकडो ग्राहकांचा फोन नंबर एकच होता : २१४७४८३६४७. नावं वेगळी, पत्ते वेगळे, नंबर मात्र तोच. कॉलम इंट, म्हणजे पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारचा होता. इंटमध्ये चार बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. त्यापुढचा प्रत्येक नंबर मायएसक्यूएल (हा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) मुकाट्याने या शेवटच्या आकड्यावर आणून ठेवत होतं, कारण मर्यादेबाहेरचा आकडा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद होता. खरे नंबर गेले ते गेलेच.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो : बिगइंट, म्हणजे आणखी मोठ्या पूर्णांकांचा प्रकार, करून टाका. पण आधी विचारावं, ही संख्या आहे की अंकांत लिहिलेलं नाव? दोन फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही, खाते क्रमांकांची सरासरी काढत नाही. ज्यावर गणित होत नाही आणि जो दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेला आहे, त्याला मी डोळे झाकून मजकूर मानतो आणि व्हारचार या मजकुराच्या प्रकारात ठेवतो. फोन, कार्ड, खातं, आयएमईआय (मोबाइल हँडसेटचा क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) सगळे यातच.

कारणं व्यवहारातली आहेत. सुरुवातीचं शून्य अंकी प्रकारात टिकत नाही. ००४५१२ आत गेलं की बाहेर ४५१२ येतं. दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी कधी कधी एक्स असतो. आयबॅन हा आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक ३४ अक्षरांपर्यंत जातो आणि त्याची सुरुवातच देशाच्या दोन अक्षरांनी होते. शिवाय नंबर देणारी संस्था उद्या त्यात एखादं अक्षर घुसवणार नाही याची हमी तुम्ही कशाच्या जोरावर देणार?

आता बिगइंटची बाजू. आठ बाइट, आणि कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. अठरा अंकी कुठलीही संख्या यात बिनधास्त मावते, एकोणीस अंकी मात्र सगळ्या नाहीत. तुलना आणि जोडण्या वेगात होतात, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आटोपशीर राहतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणुकीच्या इंजिनमध्ये प्रत्येक दुय्यम इंडेक्सच्या पोटात प्रायमरी कीची (ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमची) प्रत असते, त्यामुळे तिथे आठ बाइट आणि वीस बाइट यांतला फरक प्रत्येक इंडेक्समागे पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. म्हणून आपल्याच सिस्टिमने पाडलेले अनुक्रमांक, मोजण्या, मिलिसेकंदांतली वेळ यांना बिगइंटच. मायएसक्यूएलमध्ये अनसाइन्ड (ऋण संख्या वगळलेला प्रकार) घेतलं की मर्यादा दुप्पट होते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती सोय नाही. (इंटपुढच्या कंसातला ११ पाहून अकरा अंक मावतील असं समजणारे अजून भेटतात. तो आकडा फक्त दाखवण्याच्या रुंदीचा होता, आणि मायएसक्यूएल ८.०.१७ पासून तोही बाद ठरवला आहे.)

बिगइंटचा खरा दगाफटका डेटाबेसच्या बाहेर होतो. जावास्क्रिप्टमधला साधा नंबर डबल (ठरावीक अंकांपर्यंतच अचूक राहणारा प्रकार) असतो आणि त्यात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक वेगळा राहत नाही. सर्व्हरने जेसन या डेटा पाठवायच्या मजकुरी स्वरूपातून अठरा अंकी आयडी बरोबर पाठवला तरी ब्राउझरमध्ये शेवटचे अंक बदललेले दिसतात, आणि एरर कुठेच येत नाही. ट्विटरने २०१० मध्ये मोठे आयडी आणले तेव्हा याच कारणासाठी तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली. तेव्हा टेबलात बिगइंट ठेवा, पण एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रामना डेटा देणाऱ्या दारातून) बाहेर पाठवताना अवतरण चिन्हांत गुंडाळा.

यावरून फ्लोट (डबलचा धाकटा भाऊ) आणि डबलचा निकालही लागतोच. एकावर अठरा शून्यं इतक्या मोठ्या आकड्याजवळ डबलमध्ये लगतच्या दोन संख्यांत १२८ चं अंतर असतं. ओळख पटवायच्या नंबरासाठी हे प्रकार विचारातच घेऊ नका. एक्सेलही पंधरा अंकांपुढचं सगळं शून्य करतं, त्यामुळे सीएसव्ही फाइल त्यात उघडून सेव्ह करणं म्हणजे तोच अपघात दुसऱ्या दाराने.

डेसिमल, म्हणजे दशांश संख्या अचूक ठेवणारा प्रकार, याची जागा वेगळी आहे. त्यात मायएसक्यूएलमध्ये ६५ अंक मावतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणि ओरॅकलच्या नंबर प्रकारात ३८. पोस्टग्रेसचा न्युमेरिक त्याच्याही कितीतरी पुढे जातो. हिशेब अचूक होतो, पण बिगइंटपेक्षा हळू. वीस अंकांना मायएसक्यूएल ९ बाइट घेतं, एसक्यूएल सर्व्हर १३. रकमांसाठी मी हाच प्रकार घेतो. काही जण रक्कम सर्वांत लहान नाण्यात मोजून बिगइंटमध्ये ठेवतात. तेही चालतं, मात्र येनला दशांश स्थळं नसतात आणि कुवेती दिनारला तीन असतात, हे कोडमध्ये कुठेतरी लक्षात ठेवावं लागतं. बिगइंटमध्ये मावत नाही म्हणून खाते क्रमांक डेसिमलमध्ये टाकणं मात्र चुकीचंच, कारण सुरुवातीचं शून्य तिथेही उडतं.

व्हारचार निवडलात तर त्याचाही त्रास समजून घ्या. त्यात रिकाम्या जागा, आडव्या रेघा, काहीही शिरतं. त्यामुळे फक्त अंक आणि ठरावीक लांबी तपासणारा चेक लावा. मायएसक्यूएलमध्ये तो ८.०.१६ पासूनच खरोखर पाळला जातो. क्रमवारीत १० हे ९ च्या आधी येतं. आणि सर्वांत फसवी गोष्ट : मायएसक्यूएलमध्ये अशा कॉलमची तुलना अवतरण चिन्हं न लावता आकड्याशी केली, की दोन्ही बाजू फ्लोट धरून तपासल्या जातात. इंडेक्स वापरला जात नाही हे एक, आणि शेवटच्या अंकात वेगळे असलेले दोन लांब नंबर सारखे ठरू शकतात हे दुसरं. क्वेरी मंद झाली म्हणून शोधायला जावं, तर भलत्याच ग्राहकाची ओळ हाती लागते.

तरीही मन ठरत नसेल तर परतीचा रस्ता बघा. व्हारचारमध्ये अंक नीट जपले असतील आणि ते मावत असतील, तर पुढे बिगइंट करणं एका कमांडचं काम आहे, फक्त मोठ्या टेबलावर ते रात्री करा. उलट दिशेने जाताना उडालेली शून्यं भरता येतात, पण नंबरची लांबी ठरलेली असेल तरच. डबलमधून गेलेले शेवटचे अंक मात्र कुठल्याही कमांडने परत येत नाहीत. ते मूळ कागदावरून पुन्हा टाइप करावे लागतात, कागद असेल तर.