‘रब्बी’ कुठून आला हे शोधायचंय? सेफारिया उघडा

‘रब्बी’ ही ज्यू धर्मगुरूंची पदवी. हिब्रूत ‘रव’ म्हणजे मोठा, गुरू. ‘रब्बी’ म्हणजे माझे गुरू. एवढं कुठल्याही शब्दकोशात मिळतं. पण हाक मारायच्या शब्दाची पदवी कशी झाली, ते मूळ ग्रंथांतच दिसतं. त्यासाठी सेफारिया या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहाइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. वाचायला खातं लागत नाही, इंग्रजी मात्र यायला हवं.

सुरुवात मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहातल्या ‘पिर्के आवोत’ या भागाच्या पहिल्या अध्यायापासून करा. मांडणीच्या बटणातून हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही चालू ठेवा. सहाव्या वचनात ‘स्वतःसाठी एक रव कर’ असं येतं. इथे रव हे साधं नाम आहे. पुढे हिल्लेल आणि शम्माय हे थोर गुरू नुसत्या नावाने येतात. सोळाव्या वचनात तोच सल्ला पुन्हा मिळतो, पण देणारे आता ‘रब्बान’ गमलिएल आहेत. एकाच अध्यायात शब्दाचा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो! हिल्लेलना पदवी का नाही, याचं उत्तर तोसेफ्ता या मिश्नाच्या पुरवणी-संग्रहातल्या ‘एदुयोत’ भागाच्या शेवटी आहे: ज्याच्या शिष्यांनाही शिष्य आहेत तो रब्बी, ज्याचे शिष्य विसरले गेले तो रब्बान, आणि शिष्य व त्यांचे शिष्य दोन्ही विसरले गेले तर तो नुसत्या नावाने ओळखला जातो.

नंतर तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ, त्यातल्या ‘सनहेद्रिन’ भागाचं पान १४अ वाचा. रोमन बंदी झुगारून यहूदा बेन बावा पाच शिष्यांना सेमिखा, म्हणजे गुरूकडून मिळणारा अधिकार, देतात आणि त्यापायी जीव गमावतात. ही सेमिखा इस्राएलच्या भूमीबाहेर देता येत नसे, म्हणून बाबिलोनचे विद्वान ‘रव’च राहिले. भाषांतरात हा फरक जपलाय, हे फार मोलाचं.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: तालमूदच्या इंग्रजी पाठात ठळक अक्षरं म्हणजे मूळ शब्दांचं भाषांतर, साधी अक्षरं म्हणजे संपादकाने जोडलेला खुलासा. उद्धृत करताना साधा भाग तालमूदच्या नावावर खपवू नका. शोधतानाही जपा. काही ग्रंथांत ‘रब्बी’ऐवजी नुसतं ‘रेश’ हे हिब्रू अक्षर आणि खूण असते. पूर्ण शब्द टाकला तर ती स्थळं निसटतात.

अशीच आणखी एक पदवी शोधून पाहा: ‘गाओन’, म्हणजे बाबिलोनमधल्या सुरा आणि पुम्बेदिता इथल्या विद्यापीठप्रमुखांची पदवी. तिच्यामागचा ‘गेओन याकोव’, याकोबाचं वैभव, हा शब्दप्रयोग स्तोत्र ४७:५ मध्ये सापडेल. ख्रिस्ती बायबलांत बहुधा तेच वचन ४७:४ असतं, कारण हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात.