‘तुमच्या शहरावर एक चाचणी लेख पाठवा’

जाहिरात साधी असते. नव्या सिटी गाइडसाठी प्रत्येक शहरातून फ्रीलान्स लेखक हवेत, काम नियमित, मानधन बरे. अट एकच: दोन दिवसांत बाराशे शब्दांचा चाचणी लेख आणि स्वतः काढलेले पाच फोटो. विषय मात्र तेच ठरवून देतात. रविवारी सकाळी कुठे फिरावे, जुना भाग पायी कसा बघावा, असे.

मेख या विषय ठरवून देण्यात आहे. लिहिण्याची हातोटीच पाहायची असेल, तर आधी छापून आलेले दोन लेख पुरतात. हीच जाहिरात पन्नास शहरांत टाकून प्रत्येक ठिकाणी चौघांना वेगवेगळे विषय दिले, की दोनशे लेखांची वेबसाइट फुकटात उभी राहते. त्यातून शहराचे लेखन घरबसल्या होत नाही. शेवटची बस खरोखर किती वाजता सुटते, कुठला रस्ता संध्याकाळी चालण्याजोगा राहत नाही, हे कळायला पाय झिजवावे लागतात. ती पायपीटच चोरली जाते. लेखकाला ‘शैली जुळली नाही’ एवढेच उत्तर मिळते, तेही मिळाले तर.

लेख देण्याआधी त्यांची वेबसाइट नीट चाळावी. प्रत्येक लेखकाच्या नावावर एकच लेख आणि पुन्हा ते नाव कुठेच नाही, असे दिसले की समजून जावे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी नोंदवले ते हूइज या नोंदणी-शोधात दिसते. ‘दहा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्यांचे डोमेन दोन महिन्यांपूर्वीचे निघाले तर बोलणेच खुंटले. मेलचा पत्ता त्याच डोमेनवरचा आहे का, हेही बघावे. नमुना द्यायचाच तर दोनशे शब्दांचा उतारा आणि पुढच्या मुद्द्यांची यादी द्यावी. फोटो आठशे पिक्सेल रुंदीचे, मूळ फाइल कधीच नाही. ‘नमुना छापल्यास किती मानधन?’ हा प्रश्न फोनवर न विचारता मेलवर विचारावा. बरेच जण इथेच गळतात.

लेख पाठवून झाला असेल, तर त्यातले एखादे वेगळ्या धाटणीचे वाक्य अवतरणचिन्हांत घालून दर आठवड्याला शोधावे. सापडला तर लगेच भांडायला जाऊ नये. आधी पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्यावा, पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, जतन करावे. तक्रार पोचताच मजकूर फिरवला जातो. गुगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास आणि कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली हाताशी असाव्यात. मग बिल जोडून एक मेल. उत्तर नाही आले, तर जिच्या सर्व्हरवर ती साइट चालते त्या होस्टिंग कंपनीकडे जावे. साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेआड असली आणि खरा होस्ट दिसत नसला तर तिथल्या तक्रारीच्या फॉर्मवरून सुरुवात करावी. होस्ट अमेरिकेतला असेल तर 1998 च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याखाली पान काढण्याची नोटीस देता येते. तिच्यात मूळ लेख कोणता, चोरलेल्या पानाचा नेमका पत्ता, तुमचा संपर्क, सद्‍हेतूचे व खरेपणाचे निवेदन आणि सही लागते. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही दावा लावला नाही, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत पान परत येऊ शकते. गुगलच्या शोधातून काढायला वेगळा अर्ज करावा लागतो.

एक अडचण मात्र राहतेच. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातल्या देशांत कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी लागत नाही. पण तो शब्दांना आणि मांडणीला असतो, माहितीला नव्हे. तुमच्याच बसच्या वेळा दुसऱ्या शब्दांत आल्या, तर नोटीस टिकत नाही. म्हणून पूर्ण लेख हातून जाऊ न देणे हाच काय तो उपाय.

दुसरा प्रकार आवळा देऊन कोहळा काढण्याचा. लेख ‘पसंत’ पडतो, ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक येतो आणि ‘वरचे पैसे फोटोग्राफरला पाठवा’ असा निरोप. चेक पूर्ण वटण्याआधीच काही बँका खात्यात रक्कम दाखवतात. काही दिवसांनी चेक परततो आणि पाठवलेले पैसे तुमचेच गेलेले असतात. चेक पक्का वटल्याचे बँकेकडून लेखी मिळेपर्यंत एक पैसाही पुढे पाठवू नये. खरे तर असा चेक भरूच नये.