पोर्श 944 टर्बो (1987) : मूळ रंगातली गाडी घेऊन दोन वर्षं झाली

944 टर्बो पोर्शची असली तरी ती जोडली जायची नेकारझुल्मला, आऊडीच्या कारखान्यात. मी जर्मनीत हाइलब्रोनला राहते, तो कारखाना इथून जवळच. ही गाडी किती वर्षं मनात होती! शेवटी एकाच आठवड्यात दोन बघायला मिळाल्या. दोन्ही 1987 च्या, दोन्ही लाल, दोन्ही 220 अश्वशक्तीच्या.

पहिली पूर्ण रिस्टोअर केलेली. रंगात तोंड दिसावं असा, सीटना नवं चामडं, खालून सगळीकडे ताजा काळा थर. किंमत नऊ हजार युरोनी जास्त. दुसरीचं बॉनेट उन्हानं पांढुरकं पडलेलं, डॅशबोर्डला दोन तडे, आणि सीटच्या कापडावर ओळीनं विणलेली ‘पोर्श’ ही अक्षरं चालकाच्या डाव्या मांडीखाली पार झिजलेली.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं बोअर करत होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर पहिली दाखवली. म्हणाले, “रंगाकडं नंतर बघ बाळ, आधी बोल्टाच्या कडा बघ.” मडगार्डच्या प्रत्येक बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला होता, पाना लागल्याशिवाय तसा उडत नाही. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इथे सगळीकडे 300 च्या वर, आणि उजव्या दाराखालच्या पट्टीवर 900. म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली. या गाडीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे, तरी दाराखालची ती पट्टी मागच्या चाकाजवळ हमखास गंजते. गंज कापून नवा पत्रा जोडला की नुसता वरून लिंपला, हे मला कळायला हवं होतं. विक्रेत्याकडे तयार गाडीचे साठ फोटो होते, उघड्या पत्र्याचा एकही नव्हता. माझं मन तिथेच उठलं.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. अशा गाडीत रंगापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तिच्यावर कुणी काय प्रयोग केलेत ते. स्वस्त मिळायच्या त्या काळात अनेकांनी यांच्या इंजिन-संगणकात वेगळी चिप बसवून या हवेचा दाब वाढवून घेतला, आणि त्याचा भार हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलवर, पडला. सुदैवानं गाडी स्वतःच सांगते. आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) काट्याखाली दाबाचा छोटा काटा असतो. मूळ 220 अश्वशक्तीच्या गाडीत तो पूर्ण जोरात 1.75 बारच्या आसपास थांबतो. पहिल्या गाडीत तो थेट 2 वर गेला. आणखी एक : इंजिन बंद केल्यावर टर्बो थंड करायला पाण्याचा एक छोटा विजेचा पंप थोडा वेळ चालू राहतो, बारीक घूं-घूं ऐकू येते. पहिलीत चावी काढल्यावर सगळं चिडीचूप. इतका पैसा चामड्यावर, आणि टर्बो वाचवणारा पंप बंद!

दुसरीत पंप घूं-घूं करत राहिला, काटा 1.7 वर थांबला. मागे ठेवलेल्या स्टेपनीजवळचं कारखान्याचं स्टिकर जागेवर, त्यावरचे कोड सर्व्हिस बुकातल्या कोडशी तंतोतंत जुळणारे. रंग 110 ते 140 मायक्रॉन, फक्त डावं दार 260. दार पुन्हा रंगवलंय हे मालकानं मी यंत्र काढायच्या आधीच सांगितलं होतं. मी हीच घेतली.

आता खर्चाचं. मूळ गाडी म्हणजे तयार गाडी असं समजून कुणी जाऊ नका. टायमिंगचा पट्टा 2014 मध्ये बदललेला होता. गाडी कमी चालली तरी पट्टा वयानं कडक होतो, आणि या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तो पट्टा, पाण्याचा पंप आणि क्लच मिळून साडेपाच हजार युरो गेले. गिअरबॉक्स मागे असल्यामुळे क्लचपर्यंत पोचायलाच बरंच काही उतरवावं लागतं. इंधनाच्या नळ्या आणि टायर पहिल्याच महिन्यात बदलले. रबराच्या बाबतीत मूळपणाचा हट्ट मी अजिबात धरत नाही, तो जीवाशी खेळ आहे. आणि उघड्या पत्र्याचे फोटो नि सगळी बिलं दाखवणारा कुणी भेटला असता, तर रिस्टोअर केलेली गाडीही मी आनंदानं घेतली असती.

चालवायला? 3000 आरपीएमपर्यंत साधी, शांत गाडी. त्यानंतर पाठीवर हात ठेवून कुणीतरी ढकलावं तशी पुढे जाते. वळणावर अतिशय समतोल. गर्दीत मात्र क्लच जड लागतो.

‘एच’ नंबरप्लेटची (जर्मनीत जुन्या, जपलेल्या गाड्यांना मिळते ती) तपासणी पहिल्याच फेरीत झाली, त्यामुळे वर्षाचा कर 191.73 युरो. डॅशबोर्ड नव्यानं मढवून देतो असं एका कारागिरानं सांगितलं होतं, मी नको म्हटलं. बॉनेटचा रंग आता इतका पातळ झालाय की पॉलिश बंद केलंय. महिन्यातून एकदा मेणाचा हात देते आणि उन्हात लावत नाही.